कॉस्मेटिक सर्जरी: होकार देण्याआधी काय काय तपासायचं

कॉस्मेटिक सर्जरीची जाहिरात पाहून फोन लावायला दोन मिनिटं लागतात. 'आज बुकिंग केलं तर सूट' म्हणणारे त्या दोन मिनिटांवरच जगतात. म्हणून फोनच्या आधी एक वही घ्या. तिच्यात आधी काय लिहायचं, मग काय तपासायचं आणि मग कुणाला काय विचारायचं, ते इथं क्रमानं दिलं आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या माणसांना डोळ्यासमोर ठेवलं आहे, कारण इथलं अंतर, इथलं ऊन, इथली मिश्री आणि इथली लग्नसराई, या सगळ्यांचा या निर्णयाशी थेट संबंध येतो.

तक्रार एका वाक्यात लिहा

पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं: मला नेमकं काय खटकतं? 'नाकाच्या दांड्यावर मधोमध उंचवटा आहे', 'दोन बाळंतपणांनंतर बेंबीखालची कातडी लोंबते', 'कुडीच्या वजनानं उजव्या कानाची पाळी फाटली' ही वाक्यं शस्त्रक्रियेच्या आवाक्यातली आहेत. 'स्थळं परत जातात', 'नवऱ्याचं लक्ष नाही', 'आत्मविश्वास नाही' ही नाहीत. उंचवटा निघेल, पण स्थळ येईलच असं कोणताही सर्जन सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे जाऊ नका.

त्याच पानावर खाली लिहा, हे कुणाला हवं आहे. आईला, होणाऱ्या सासूला, नवऱ्याला हवं असेल आणि तुम्हाला नुसतं 'चालेल' असेल, तर थांबा. मोडलेलं लग्न, घरातला मृत्यू, घटस्फोट किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण, या काळातही असा निर्णय घेऊ नये. सहा महिन्यांनी तक्रार तशीच टिकली तर तिच्यात तथ्य आहे.

आता फोटो. मोबाईल हातात धरून साधारण एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. कॅमेरा जवळ असला की जे पुढं आलेलं असतं ते फुगतं. फक्त सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन ठरवणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. दुसऱ्या कुणाला तरी पाच फुटांवर उभं करा, खिडकीच्या उजेडात, फिल्टर बंद करून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरका असे फोटो काढायला सांगा. डॉक्टरला दाखवायचे ते हेच. कित्येकांची तक्रार हे फोटो बघूनच निम्मी होते.

एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. शंभरातल्या साधारण दोघांना आपल्या शरीरातला एखादा दोष सतत दिसत राहतो. इतरांना तो दिसतच नाही किंवा नगण्य वाटतो. दिवसाचा तासभर आरशापुढं जातो, लग्नाकार्याला जाणं बंद होतं, एक ऑपरेशन झालं की दुसरा दोष सापडतो. हा मनाचा आजार आहे, त्याला औषध आणि समुपदेशन दोन्ही लागू पडतात, आणि सुरीनं तो बरा होत नाही, उलट वाढतो. अशी लक्षणं असतील तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पोटाची, छातीची तपासणी घरीच

पोट सुटलं म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि चौघींचा उपाय वेगळा आहे. उभं राहून पोट चिमटीत धरा. जेवढं चिमटीत येतं ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढण्यानं, निघते ती हीच. चिमटीत फार काही येत नसेल आणि पोट नगाऱ्यासारखं घट्ट असेल तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. ती कोणत्याही नळीनं निघत नाही, आहार आणि चालण्यानंच कमी होते. आता पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं थोडं उचला आणि बेंबीपाशी बोटं दाबा. दोन बोटांहून जास्त फट लागली तर बाळंतपणात पोटाचे सरळ स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले आहेत. कमी फट व्यायामानं बरीच भरून येते, जास्त असेल तर टाके घालून जवळ आणावी लागते. खोकताना फुगा बाहेर येत असेल तर तो हर्निया. तिथं कॉस्मेटिकचा विषयच नाही, थेट जनरल सर्जनकडे जा.

लायपोसक्शन म्हणजे वजन कमी करण्याचा उपाय नव्हे. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर ती मोठी शस्त्रक्रिया समजतात. शरीरातलं पाणी, क्षार आणि रक्तदाब हलतो, म्हणून रात्रभर दवाखान्यात देखरेख लागते. 'एका दिवसात दहा किलो' असं वाचलं की पुढं सरका. पोटाची कातडी काढायचं ऑपरेशन, म्हणजे टमी टक, तर वजन सहा महिने स्थिर झाल्यावर आणि पुढं मूल नको हे पक्कं झाल्यावरच. नाहीतर पुढच्या बाळंतपणात सगळं पुन्हा सैल होतं. त्याचा वण एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत जातो. जाहिरातीतल्या फोटोत तो कपड्याखाली असतो.

कमरेखाली, नितंबात चरबी भरायच्या शस्त्रक्रियेबद्दल एवढंच सांगतो: कॉस्मेटिक शस्त्रक्रियांत मृत्यूचा धोका सर्वाधिक असल्याची नोंद याच शस्त्रक्रियेची आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजात तो तीन हजारांत एक इतका होता. चरबी स्नायूत गेली तर तिथल्या मोठ्या शिरांतून फुप्फुसात पोहोचते. आमचं मत स्पष्ट आहे, याच्या वाट्याला जाऊ नये.

पुरुषांची छाती वाढण्याची तक्रार आपल्याकडे तालमीत, जिममध्ये जाणाऱ्या पोरांत फार ऐकू येते. पौगंडात ती बहुतेक मुलांत दोन वर्षांत आपोआप ओसरते, म्हणून सोळाव्या वर्षी ऑपरेशनची घाई नको. कुणी 'बॉडी'साठी इंजेक्शनं किंवा गोळ्या घेत असेल तर त्या आधी बंद करायला हव्यात, नाहीतर काढलेली गाठ परत येते. ऑपरेशनआधी हार्मोन, यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या होतात का ते बघा. एकाच बाजूला टणक गाठ लागत असेल तर कर्करोगाची शंका आधी फेडून घ्या. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

लहान काम, मोठा फायदा: कानाची पाळी

आपल्या भागात सगळ्यात समाधान देणारी शस्त्रक्रिया कुठली म्हणाल तर फाटलेल्या पाळीची. वर्षानुवर्षं जड कुड्या आणि झुबे घालून भोक लांबतं आणि शेवटी पाळी दुभंगते. बधिर करणारं इंजेक्शन देऊन कडा ताज्या करतात आणि टाके घालतात. काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि घरी त्याच दिवशी जाता येतं. टाके आठवडाभरात निघतात. नवं भोक तीन महिन्यांनी पाडायचं, आणि जुन्या वणावर नाही, त्याच्या शेजारी. पुढं जड दागिना घालायचा तर वेल लावून वजन केसांवर घ्या, नाहीतर पुन्हा तेच.

एवढ्या छोट्या कामातही एक फसवा धोका आहे, केलॉइडचा. काहींच्या वणाचं मांस वाढत जातं, टणक, लालसर, खाजरं होतं आणि मूळ जखमेच्या बाहेर पसरतं. कानाची पाळी, छातीचा मधला भाग आणि खांदे या त्याच्या आवडत्या जागा. गडद त्वचेत ते जास्त आढळतं. म्हणून आरशात दंडावरची लसीची खूण, जुने टाके, कान टोचल्याच्या जागा बघा. एखाद्या ठिकाणी फुगलेला गोळा असेल किंवा आई-बहिणीला असेल, तर कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ते डॉक्टरला दाखवा. अशा शरीरावर हौसेचा वण ओढवून घेऊ नये.

नाक आणि चेहरा

नाकाचं ऑपरेशन हाड-कूर्चा वाढून पूर्ण झाल्यावर: मुलींत सोळाच्या सुमारास, मुलांत सतरा-अठराला. वरची पट्टी आठवड्याने निघते, काळे-निळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात, पण नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. त्यामुळं मार्गशीर्षातल्या लग्नासाठी दिवाळीत नाक करणं म्हणजे सुजलेलं नाक घेऊन बोहल्यावर चढणं. किमान सहा महिने, जमल्यास वर्ष हातात ठेवा. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, हे चष्मा लागणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावं. अनुभवी हातांतही शंभरात पाच ते पंधरा नाकांना दुसरी दुरुस्ती लागते. ती वर्षभर थांबल्याशिवाय करत नाहीत. नाकानं श्वास नीट घेता येतो का, पडदा वाकडा आहे का, हे तपासल्याशिवाय दिसण्याचं काम करणारा डॉक्टर अर्धंच काम करतोय.

'ऑपरेशन नको, फक्त इंजेक्शन' म्हणून फिलर, म्हणजे कातडीखाली टोचून भर घालणारं जेल, सुचवतात. ते सोपं वाटतं, पण नाक आणि भुवयांमधला भाग फिलरसाठी सगळ्यात धोक्याचा आहे. तिथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. फिलर चुकून शिरेत गेलं तर कातडी काळी पडते आणि दृष्टी जाऊ शकते, बहुतेकदा कायमची. म्हणून एक प्रश्न विचाराच: हायलुरोनिडेज तुमच्याकडे आत्ता, या खोलीत आहे का? हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध ते. पार्लरमध्ये ते नसतं, म्हणून पार्लरमध्ये फिलर नाही. सुरकुत्यांसाठी देतात त्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. बाटली फ्रीजमधून तुमच्यासमोर काढून उघडायला सांगा आणि तिच्यावरचा बॅच नंबर वहीत उतरवा.

गोरं करणाऱ्या ग्लुटाथिओनच्या इंजेक्शनांना त्या कामासाठी भारतात मान्यता नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, आणि मलम सोडलं की आग होते. असा चेहरा आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून सावरून घ्यावा लागतो.

केस

केसांच्या प्रत्यारोपणात नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून काढून पुढं लावतात, इतकंच. मागची शेती मर्यादित आहे. आयुष्यभरात साधारण सहा हजार ग्राफ्ट (मुळासकट काढलेली केसांची रोपं), कित्येकांकडे त्याहून कमी. विशीत पुढची रेषा खाली आणून दोन-तीन हजार ग्राफ्ट संपवले आणि चाळिशीत मागचं टक्कल वाढत गेलं, तर पुढं केसांची झालर, मध्ये मोकळं रान, आणि भरायला शिल्लक काही नाही. म्हणून पंचविशीच्या आत हे टाळावं, आधी औषधोपचारानं गळती स्थिर झाली की नाही ते वर्षभर बघावं. लावलेले केस दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळून पडतात. घाबरू नका, मुळं आत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवण सुरू होते, खरं रूप वर्षानं दिसतं.

धोका आहे तो भुलीत. बैठक सहा-आठ तासांची, आणि बधिर करणारं लिग्नोकेन पुन्हा पुन्हा टोचलं जातं. ॲड्रेनॅलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा दर किलोमागे सात मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला चारशे वीस मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्के द्रावणाचे जेमतेम एकवीस मिलिलिटर. मोजदाद न ठेवणाऱ्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होणं, तोंडात धातूची चव, कानात घणघण, ही पहिली चिन्हं. लाजू नका, लगेच सांगा. त्यापुढं झटके येतात आणि हृदय बंद पडू शकतं. टोचलेल्या औषधाची नोंद कोण ठेवतं, ऑक्सिजन, मॉनिटर आणि लिपिड इमल्शन (लिग्नोकेन जास्त झाल्यावर देतात ते औषध) खोलीत आहे का, हे विचारा. देशात केस प्रत्यारोपणानंतर तरणीताठी माणसं दगावली आहेत. हे काम तंत्रज्ञाच्या हवाली करून डॉक्टर दुसऱ्या खोलीत जात असेल तर उठून या.

डॉक्टर आणि जागा

दारावरची पाटी वाचा. प्लास्टिक सर्जरीची पदवी म्हणजे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआर.एन.बी.) प्लास्टिक सर्जरी. जनरल सर्जरीनंतरची ती तीन वर्षं. बोटॉक्स, फिलर, लेसर, केस हे त्वचारोगतज्ज्ञही रीतसर प्रशिक्षणानं करतात. 'कॉस्मेटोलॉजी'चा काही आठवड्यांचा डिप्लोमा हा या दोन्हींत बसत नाही, आणि व्हिडिओ किंवा कार्यशाळा बघून प्रत्यारोपण करणं पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली बजावलं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. तो दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो, आणि नाव कौन्सिलच्या यादीत तपासता येतं. दवाखान्याचं शुश्रूषागृह नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली हवी.

यासाठी मुंबईलाच जायला हवं असं नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचा दवाखाना सुरू केल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. सांगली-मिरजेत आणि कराडला भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असलेली मोठी रुग्णालयं आहेत. त्यामुळं या सोयी नसलेल्या क्लिनिकमध्ये मोठं ऑपरेशन करून घ्यायला काही कारणच नाही.

आपल्याकडचा खरा कळीचा प्रश्न वेगळा आहे. पुण्या-मुंबईचे सर्जन महिन्यातून एखादा रविवार येतात, ऑपरेशन करतात आणि संध्याकाळी परततात. त्यात गैर काही नाही. पण तिसऱ्या रात्री दोन वाजता टाक्यांतून रक्त यायला लागलं तर फोन कोण उचलणार, आणि पोचायला कोण येणार? जतहून मिरज गाठायला दीड-दोन तास लागतात, आटपाडी-माणहून तेवढेच. त्या स्थानिक डॉक्टरचं नाव, त्याचा फोन, आणि त्याला प्लास्टिक सर्जरीतलं किती कळतं, हे ऑपरेशनआधी कागदावर मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर तिथं करायचं नाही. ऑपरेशनची सगळी बाकीची तयारी चोख असूनही निकाल बिघडतो तो बहुधा नंतरच्या पंधरा दिवसांत.

भेटीत विचारायचे इतर प्रश्न असे: हेच ऑपरेशन गेल्या वर्षी तुम्ही किती केलीत? नंतर महिन्याचे आणि वर्षाचे फोटो दाखवाल का? पूर्ण भूल देणारे भूलतज्ज्ञ कोण, ते शेवटपर्यंत थांबणार का? पहिल्यात नीट झालं नाही तर दुसऱ्याचा खर्च कुणाचा? उत्तरांपेक्षा चिडचिड जास्त मिळाली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. दोन मतं घेणं हा अपमान नव्हे.

शरीराची तयारी, विशेषतः मिश्री

तंबाखू ओढली, चघळली किंवा हिरड्यांना लावली, निकोटीन रक्तात जातंच. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि सैल करून ओढलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. टमी टकमध्ये किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत त्यामुळं कातडीचा तुकडा काळा पडून झडतो. आपल्याकडच्या बायका 'तंबाखू खाता का' विचारलं की नाही म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू धरतच नाहीत. म्हणून डॉक्टरनं विचारो न विचारो, तुम्ही स्वतः सांगा: मिश्री लावते, गुटखा खातो, दिवसातून इतक्या वेळा. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे ती पूर्ण बंद हवी. निकोटीनचा डिंक किंवा पट्टीसुद्धा विचारूनच.

गुटखा-सुपारीनं तोंड आखडतं तेही भूलतज्ज्ञाला कळायला हवं. तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत बसतात का बघा. बसत नसतील तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. त्यासाठी वेगळी तयारी लागते, आणि ती टेबलावर ऐनवेळी कळलेली बरी नसते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एचबी मोठ्या शस्त्रक्रियेला बाराच्या आसपास असावं. बायकांत ते बहुधा कमी असतं आणि लोहाच्या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत सुधारतं, म्हणून घाई नको. मधुमेह्यांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्यावी. सात-आठच्या वर असेल तर जखम चिघळण्याची शक्यता वाढते. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी गोळी, ई-जीवनसत्त्व, माशाचं तेल, आणि गावातल्या वैद्याचं चूर्ण, सगळ्याची यादी द्या. हृदयरोग्यांनी ॲस्पिरिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. गर्भनिरोधक गोळ्या आणि सणासुदीला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या रक्त साकळण्याचा धोका वाढवतात. बायका त्यांचा उल्लेख करतच नाहीत. करा. उपवास: जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत.

खर्च आणि वेळ

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिगत छापून आली होती. टिपूच्या फौजेनं कापलेलं त्याचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून नव्यानं घडवलं. ती गरज होती. आजही कायदा आणि विमा हाच फरक करतात. भाजणं, अपघात, जन्मजात व्यंग, कर्करोगानंतरची दुरुस्ती यांना विमा सहसा लागू होतो आणि अपघात-व्यंगाच्या दुरुस्तीवर जीएसटीही नाही. नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर आणि केस प्रत्यारोपणावर जीएसटी लागतो, मेडिक्लेम ती नाकारतं, आणि तिच्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्चही बहुधा नाकारतं. म्हणून अंदाजपत्रक लेखी, तुकड्यातुकड्यानं घ्या: सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, इम्प्लांट, दाबाचा पट्टा, औषधं, पुढच्या भेटी. वरून आणखी एक पंचमांश बाजूला ठेवता येत नसेल, किंवा हप्त्यांसाठी कर्ज काढावं लागत असेल, तर अजून वेळ आलेली नाही.

स्तनाचं इम्प्लांट हा तर आयुष्यभराचा हप्ता आहे. ते कायम टिकत नाही. दहा-वीस वर्षांत बदलायची वेळ येते, भोवती कडक आवरण धरतं, आणि ठरावीक वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून गळती तपासावी लागते. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती एका दुर्मीळ प्रकारचा लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) आढळला, आणि २०१९ साली एक प्रकार जगभरातून परत बोलावला गेला. इम्प्लांटवरचं स्टिकर, कंपनी आणि क्रमांकासह, तुमच्या फाइलीत हवंच.

वेळ निवडताना उन्हाळा टाळा. लायपोसक्शन किंवा छातीच्या ऑपरेशननंतर दाबाचा घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालायचा असतो. एप्रिलात विटा-जतच्या उन्हात तो कुणालाच जमत नाही, लोक काढून ठेवतात आणि आत पाणी साचतं. कार्तिक ते माघ बरा. टमी टकनंतर सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. भरलेली घागर बारा-पंधरा किलोची असते, मूल तेवढंच. पाणी कोण भरणार, जनावरं कोण बघणार, धाकट्याला कडेवर कोण घेणार, हे आधी ठरलं नसेल तर टाके तुटायचे ते याच कामात.

नंतरचे पंधरा दिवस

पुण्यात ऑपरेशन केलं तरी निदान पहिले काही दिवस तिथंच राहा. लगेच खंबाटकी ओलांडून चार तास एसटीत बसणं म्हणजे पायात रक्त साकळायला आमंत्रण. निघाल्यावरही दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला. ऑपरेशनच्या संध्याकाळपासूनच, धरून का होईना, उठून चालायचं असतं.

टाक्यांवर हळद लावायची नाही. सांगलीच्या माणसाला हे जड जाईल, पण सुटी हळद निर्जंतुक नसते आणि जखमेत ती कचऱ्यासारखी अडकते. टूथपेस्ट, तूप, राख तर नाहीच. टाके चेहऱ्याचे पाच ते सात दिवसांनी निघतात, अंगाचे दहा ते चौदा. जखम मिटल्यावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी रोज बारा तास, तीन महिने. वण पहिले दोन-तीन महिने लाल आणि टणक होतो, मग फिका पडत वर्षानं स्थिरावतो. शेतात जाताना तो झाकून ठेवा, ऊन लागलं की कायमचा काळा राहतो.

हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका: एकच बाजू तासाभरात फुगून घट्ट होणं (आत रक्त साठतंय), कातडी जांभळी-काळी पडणं, तिसऱ्या दिवसानंतर १००.४ अंशांवर ताप, जखमेतून वास येणारा पू, एकच पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं किंवा छातीत कळ. शेवटच्या दोहोंत १०८ ला फोन करा, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच जा. फिलरनंतर कातडी पांढरी पडली किंवा नजर धूसर झाली तर मिनिटं मोजायची असतात.

कागद

संमतीपत्र मराठीत मागा आणि किमान दोन दिवस आधी घरी नेऊन वाचा. स्ट्रेचरवर सही करायची नसते. सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केलंय की, माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि एका गोष्टीच्या संमतीवर दुसरी शस्त्रक्रिया करता येत नाही. 'लागेल ते करू' असं वाक्य असेल तर खोडून नेमकं लिहून घ्या. तुमचे फोटो जाहिरातीत वापरण्याची परवानगी हा वेगळा कागद, आणि तो नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मागणी केल्यावर बहात्तर तासांत आपल्या नोंदींच्या प्रती मिळायला हव्यात, आणि डॉक्टरनं त्या तीन वर्षं सांभाळायच्या असतात. हलगर्जीपणा झालाय असं वाटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वैद्यकीय सेवा १९९५ च्या निकालापासून त्या कायद्याखाली आहे. मात्र मनासारखं न दिसणं आणि हलगर्जीपणा या दोन गोष्टी आहेत. त्यातली कुठली झाली हे ठरवायला पाच फुटांवरून काढलेले ते पहिले फोटो, अंदाजपत्रक आणि पहिल्या पानावरचं वाक्य उपयोगी पडतं. दुरुस्तीसाठी नाकाला वर्ष आणि वणालाही वर्ष थांबा. सूज उतरायच्या आत केलेली दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, कारण आतल्या पेशी अजून चिकटलेल्या आणि कडक असतात.